वाळूचा हौद बुजवू नका
बालवर्ग चालवणाऱ्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापिकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी बालवाडीची बाई आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये माझी सव्वीस वर्षं गेली. सुरुवात साखर कारखान्याच्या गावात झाली, पुढे तालुक्याच्या ठिकाणी एका मोठ्या संस्थेच्या बालवर्गात आले. मधल्या काळात बाहेरून परीक्षा देऊन मानसशास्त्रात एम.ए. केलं. वर्गात रोज डोळ्यांना जे दिसतं, त्याला संशोधनाचा काही आधार सापडतो का, ही ओढ त्यामागे होती. आधार सापडला. तो आपल्यापर्यंत पोचवावा म्हणून लिहिते आहे.

निमित्त मे महिन्यात घडलं. सुटीत आमच्या बालवर्गाच्या अंगणातला वाळूचा हौद बुजवला गेला. जूनमध्ये कुलूप उघडून आत गेले तर तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेले. चौकशी केली तेव्हा दोन कारणं कळली. मुलांचे कपडे मळतात, केसांत वाळू जाते, अशी पालकांची तक्रार होती. आणि मोठ्या गटाच्या वेळापत्रकातला मुक्त खेळाचा तास काढून तिथे आठवड्यातले तीन दिवस लेखन सराव आणि दोन दिवस 'व्यक्तिमत्त्व विकास' टाकला होता, त्यामुळे हौदाचं आता काम उरलं नव्हतं. मी संस्थेचं नाव लिहीत नाही. या एका संस्थेपुरती ही गोष्ट नाही. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या बालवर्गात पाहुणी म्हणून गेले, तिथे हौद, झोपाळा, भातुकलीचा कोपरा, काही ना काही कमी झालेलं आणि वर्कबुकं वाढलेली दिसली.

त्या हौदातली मागच्या वर्षीची एक सकाळ आपल्याला सांगते.

हौदात एक लाल बादली होती, कडी तुटलेली. निळ्या चार होत्या, धड होत्या, पण हवी सगळ्यांना लालच. दोन मुलांनी ती दोन बाजूंनी धरली. एक म्हणाला, "मी आधी घेतली." दुसरा म्हणाला, "काल पण तूच घेतली होतीस." ओढाताण सुरू झाली. मी उठले, आणि परत खाली बसले. मदतनीस मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात चार वर्षांची एक मुलगी तिथे आली, नाक वाहत होतं, फ्रॉकच्या ओच्यात वाळू होती. ती म्हणाली, "याने भरायची, त्याने उलटी करायची." दोघं थांबले. मग भरायचं काम भारी की उलटी करून बुरूज काढायचं, यावर पुन्हा जुंपली. एकाने कट्टी घेतली, हौदाच्या काठावर पाठ फिरवून बसला. जरा वेळाने मान वळवून बघायला लागला. दुसऱ्याने काही न बोलता बादली त्याच्याकडे सरकवली. बट्टी झाली. आळीपाळीने करायचं ठरलं. या सगळ्याला सहा-सात मिनिटं लागली असतील. शेवटी बुरूज अकरा निघाले. मोजले त्यांनीच, बोट लावून, दोनदा.

ही सहा-सात मिनिटं आपल्या प्रगतीपुस्तकात कुठेच बसत नाहीत. आणि मुलाच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज ज्या गोष्टींवरून येतो असं संशोधन सांगतं, त्यातल्या बहुतेक सगळ्या त्यांतच होत्या.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चार ठिकाणच्या बालवर्गांत, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहममध्ये, टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये, सिएटलमध्ये आणि पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात, बाईंना एक साधं काम दिलं गेलं. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाबद्दल आठ प्रश्नांची उत्तरं द्यायची, शून्य ते चार गुणांत. सवंगड्यांशी झालेलं भांडण मूल आपलं आपण मिटवतं का? दुसऱ्याला काय वाटतंय ते त्याला समजतं का? आपल्याकडची वस्तू देतं का? कुणी न सांगता इतरांबरोबर मिळून काम करतं का? मदत करतं का? दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेतं का? दादागिरी न करता आपलं मत सांगतं का? सगळ्यांशी प्रेमाने वागतं का? बस्स, एवढेच. हे प्रश्न कुठल्याही बालवाडीच्या बाईला विचारा, ती वही न उघडता उत्तर देईल.

मग ती मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले. डेमन जोन्स, मार्क ग्रीनबर्ग आणि मॅक्स क्राउली या तिघांनी २०१५ साली अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात निष्कर्ष छापले. मुलं होती ७५३. बाईंनी दिलेला प्रत्येक एक गुण जास्त असलेल्या मुलाला पंचविशीपर्यंत पदवी मिळण्याची शक्यता दुप्पट होती. शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता ५४ टक्क्यांनी जास्त, पंचविसाव्या वर्षी पूर्ण वेळ नोकरी असण्याची ४६ टक्क्यांनी जास्त. उलट बाजूने, एक गुण कमी असलेल्या मुलाला तरुणपणी अटक होण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी जास्त. घरची परिस्थिती, मुलाचा मारकुटेपणा, त्या वयातली त्याची अक्षर-अंकांची तयारी, हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकून राहिला.

आकडे बघून मी बराच वेळ गप्प बसले होते. मग त्या आठ प्रश्नांकडे परत गेले. त्यांत धीटपणाबद्दल एकही प्रश्न नाही. स्टेजवर न घाबरता बोलतो का, हात मिळवून आपलं नाव सांगतो का, बडबडगीत हावभावांसह म्हणतो का, यातलं काही नाही. सगळेच्या सगळे प्रश्न दुसऱ्या मुलाबद्दलचे आहेत. आपण ज्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो, त्यात मूल एकटं माइकसमोर उभं असतं आणि समोर टाळ्या वाजवणारे आईबाप बसलेले असतात. या प्रश्नांतलं मूल दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसलेलं असतं आणि मधे एकच बादली असते.

यातली अडचणही मला आपल्यापासून लपवायची नाही. असा संबंध दिसला म्हणून समजूतदारपणामुळेच पुढचं सगळं घडलं, असं सिद्ध होत नाही. बाईंनी जे टिपलं त्यामागे आणखी काही असू शकतं, जे कुणी मोजलंच नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा प्रयोग लागतो, ज्यात मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात आणि एकाच गटाला बालवाडी देतात. तसाही प्रयोग झालेला आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी या गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांवर तो झाला. त्यातल्या ५८ मुलांना रोज अडीच तास बालवाडी मिळाली. त्या बालवाडीचा गाभा मुलांनी स्वतः ठरवलेल्या खेळाचा होता: आज काय करायचं ते मुलाने सांगायचं, मग करायचं, आणि शेवटी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. बाई आठवड्यातून एकदा दीड तास घरीही जात. सुरुवातीला या मुलांचा बुद्ध्यंक चांगला वाढला. पण प्राथमिक शाळेत काही वर्षं गेली आणि ती वाढ पुसली गेली. प्रयोग फसला असंच तेव्हा अनेकांना वाटलं. मुलं चाळिशीला पोचली तेव्हा मात्र दोन्ही गटांत उघड फरक होता. बालवाडीतून गेलेल्यांना अटक कमी वेळा झाली होती, त्यांची कमाई जास्त होती. बुद्ध्यंक तर सारखा झाला होता, मग फरक कशाने पडला? अर्थशास्त्रातलं नोबेल मिळवलेले जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली हा हिशेब मांडला. मोठा वाटा मुलांच्या वागण्यातल्या बदलाचा निघाला. मारामारी, खोटं बोलणं, चोरी, वर्गात दंगा, हे ज्यांचं लहानपणी कमी झालं त्यांचं पुढचं आयुष्य सावरलं.

मला इथे माझी एक चूक सांगायची आहे. ती माझ्या मनातून अजून जात नाही.

दरवर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे लहान गटाच्या प्रवेशाच्या 'मुलाखती' व्हायच्या. टेबलाच्या या बाजूला मी बसायचे. मुलाला चेंडू दाखवायचा, रंग विचारायचा, प्राण्यांची चित्रं ओळखायला सांगायची, समोरच्या कागदावर खुणा करायच्या. एका वर्षी तीन वर्षांचा एक मुलगा आला. मी चेंडू पुढे केला आणि विचारलं, "हा कोणता रंग?" त्याने माझ्या हातातून चेंडू घेतला, खुर्चीवरून उतरला, दोन पावलं मागे गेला आणि चेंडू माझ्याकडे घरंगळत सोडला. मग म्हणाला, "आता तू टाक." त्याच्या आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "अरे, रंग सांग ना, काल सांगितला होतास." माझ्यासमोरच्या कागदावर एकच रकाना होता, आणि मी त्यात लिहिलं: प्रतिसाद नाही. त्या मुलाला प्रवेश मिळाला नाही. अनोळखी बाईला खेळात घेणारं, तिची पाळी तिला देणारं मूल होतं ते. आठ प्रश्नांतल्या निदान तीन प्रश्नांची उत्तरं त्याने एका मिनिटात दिली होती. माझ्या कागदाला ते प्रश्न विचारायचेच नव्हते.

लहान वयात मुलं निवडून काढता येतात, या समजुतीला शंभर वर्षांपूर्वीच धक्का बसला आहे. लुइस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक मोजून दीड हजारांवर हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्या चाचणीत जी मुलं कमी पडली म्हणून घेतली गेली नाहीत, त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्व्हारेझ ही दोघं होती. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. तिथे निदान शाळेत जाणारी मुलं होती आणि नीट तयार केलेली चाचणी होती. आपण तीन वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवरून उतरवून दहा मिनिटांत निकाली काढतो.

आता मार्शमेलो या मऊ गोड खाऊच्या प्रयोगाबद्दल. हे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण आपल्यापैकी अनेकांनी पालकसभेत तो व्हिडिओ दाखवलेला आहे. टेबलावर एक गोड खाऊ, समोर एक मूल, आणि "मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन मिळतील" असं सांगून बाहेर गेलेली बाई. पालक हसतात, मग गंभीर होतात. घरी जाऊन चॉकलेट ठेवून आपल्या मुलाची परीक्षा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी एखादी आई मला काळजीने सांगते, "बाई, आमच्याला अजिबात संयम नाही हो."

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचे. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालशाळेत ते झाले. बऱ्याच वर्षांनी, १९८८ आणि १९९० साली, पाठपुराव्याचे निष्कर्ष आले: जी मुलं जास्त वेळ थांबली होती ती किशोरवयात अभ्यासात पुढे होती, आणि लोकांत मिसळायला, ताण सोसायला जास्त सक्षम आहेत असं त्यांच्या आईवडिलांनी सांगितलं. जगभर हाच भाग पोचला. पण ती शाळा विद्यापीठाच्या आवारातली होती, तिथली मुलं बहुतेक विद्यापीठाशी संबंधित घरांतली होती, आणि पाठपुराव्यातली संख्या छोटी होती. २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेच्या वर मुलांची माहिती घेऊन तेच पुन्हा तपासलं. त्यात पदवी नसलेल्या आयांची मुलंही पुष्कळ होती. आधीच्या निम्माच संबंध दिसला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची समज हे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळून पडला. म्हणजे त्या खाऊकडे बघत बसलेल्या मुलात आपल्याला जे दिसत होतं, त्यातलं बरंचसं त्याच्या घरातून आलेलं होतं.

त्याच्याही आधी, २०१३ साली, रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक छोटासा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करताना किड यांना प्रश्न पडला होता की इथलं मूल खाऊसाठी थांबेल तरी कशाला? मुलं फक्त २८, तीन ते पाच वर्षांची. खाऊच्या आधी चित्रकलेचं काम होतं. समोर जुने वापरलेले खडू. बाई म्हणाल्या, थांबलास तर याच्यापेक्षा छान सामान आणते. निम्म्या मुलांसाठी बाई खरंच छान सामान घेऊन आल्या. निम्म्यांसाठी रिकाम्या हाताने आल्या, "सॉरी, नाही मिळालं" म्हणाल्या. स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तसंच केलं. त्यानंतर मार्शमेलो ठेवला. ज्यांच्याशी बाईंनी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याशी मोडला होता ती ३ मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी १.

हे वाचलं आणि मला कारखान्याच्या गावातला एक मुलगा आठवला.

तो ऊसतोड कामगारांचा. दिवाळीनंतर टोळ्या आल्या की आमच्या बालवाडीत अशी आठ-दहा मुलं यायची आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जायची. हा साडेचार वर्षांचा होता. शुक्रवारी आम्ही शेंगदाण्याची चिक्की वाटायचो. तो एक तुकडा लगेच तोंडात कोंबायचा, शेजारच्याच्या हातातला ओढायचा, आणि मुठीत काही उरलं तर चड्डीच्या खिशात घालायचा. बाकीची मुलं त्याला हावरट म्हणायची. मीसुद्धा मनात तेच म्हटलं होतं. एकदा त्याला जवळ घेऊन मी म्हटलं, "अरे, पुढच्या शुक्रवारी परत मिळणार आहे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आमी हाय का तवा?"

त्याला माहीतच नव्हतं पुढच्या शुक्रवारी तो कुठे असेल. त्याच्या सगळ्या आयुष्यात 'उद्या' या शब्दाने काही हाती दिलं नव्हतं. उक्तं संपलं की टोळी हलायची, रात्रीत. आहे ते आत्ता खाणं हा त्याचा शहाणपणा होता. मग आम्ही एक गोष्ट केली. त्याच्या नावाची पत्र्याची डबी केली. दर शुक्रवारी एक तुकडा त्याच्यासमोर डबीत टाकायचा, आणि टोळी निघायच्या आदल्या दिवशी डबी त्याच्या हातात द्यायची असं त्याला सांगितलं. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून सात-आठ वेळा डबी उघडून बघायचा. तिसऱ्या आठवड्यात सकाळी एकदा बघायचा. फेब्रुवारीत एके दिवशी त्याने त्यातला एक तुकडा काढला आणि तापातून उठून आलेल्या एका मुलीला दिला. मावशींनी मला हाक मारून दाखवलं. त्याला आम्ही संयमाचा तास दिला नव्हता. आम्ही डबीतून एकदाही काही कमी होऊ दिलं नव्हतं, एवढंच.

म्हणून माझी विनंती आहे की तो व्हिडिओ पालकसभेत दाखवणार असाल तर सोबत रॉचेस्टरची गोष्टही सांगा. मुलाच्या संयमाचं माप काढण्याआधी मोठ्यांनी दिलेल्या शब्दाचं माप काढायला पालकांना सांगा. आणि आपल्यालाही हे लागू आहे. दरवर्षी बालवर्गाच्या बाई बदलतात, कारण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, मिळेल त्या मानधनावर त्या ठेवलेल्या असतात. डिसेंबरमध्ये दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की त्या जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या मुलाला "उद्या आपण तो पूल पुरा करू" असं सांगून बाई गेल्या, ते मूल दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांजवळ बसून राहतं. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, आईवडिलांचे आजार, घरातले तंटे अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी एक-तृतीयांश मुलं चांगली, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात जे समान सापडलं, त्यात एक होतं: त्यांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस टिकून राहिलेलं होतं. कुणाची आजी, कुणाचे शेजारी, कुणाच्या शाळेतल्या बाई. बालवर्गाच्या बाईंना कायम करणं, किमान वर्ष पुरं होईपर्यंत त्या टिकतील एवढं मानधन देणं, हा मुलांच्या विकासावरचा खर्च आहे. तो आस्थापनेच्या रकान्यात ढकलू नका.

आपण म्हणाल, पालकांनाच वर्कबुक हवं असतं. हे खरं आहे, मी रोज ऐकते. "शेजारचा जोडाक्षरं लिहितो, आमचा नुसता खेळतो." पण पालकांना कुणी सांगितलंच नाही की खेळातून काय होतं. सांगितलं की ऐकतात. अभ्यास मागे पडेल अशी भीती असेल तर त्यांना हे सांगा: जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली शाळांमधल्या अशा २१३ उपक्रमांचा एकत्र आढावा घेतला, ज्यांत मुलांना भावना ओळखणं, मिळून वागणं शिकवलं जातं. मुलं होती दोन लाख सत्तर हजार, बालवर्गापासून थेट बारावीपर्यंतची. त्यांचं वागणं सुधारलंच, शिवाय अभ्यासात ती इतरांपेक्षा ११ परसेंटाइलने पुढे गेली. परसेंटाइल हा शब्द आपल्याकडच्या पालकांना चांगला कळतो.

आणि हे सगळं आपल्याला बाहेरून आणायचं आहे असंही नाही. आपल्या गल्लीतल्या खेळांत काय नव्हतं? राज्य कुणावर यायचं ते ठरवायला आधी सगळ्यांनी सुटायचं. कुणी रडीचा डाव खेळलं तर सगळी मिळून त्याला बोलायची, आणि तरी खेळात ठेवायची. पडलं, लागलं तर "टाइम प्लीज". आणि लिंबूटिंबू! धाकटं भावंड मागे लागलं की त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. दुबळ्याला बाहेर न ठेवता सगळ्यांचा खेळही बिघडू न देण्याची ही युक्ती मुलांनीच काढली, कुठल्या तज्ज्ञाने शिकवली नाही. आता गल्लीत गाड्या उभ्या असतात आणि घरात एकेकटं मूल असतं. मुलांना मुलं भेटण्याची बऱ्याच ठिकाणी शेवटची जागा आपला बालवर्ग आहे.

ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे इतर मुलांबरोबर आधीच रमलेलं आहे, तिथे बाईंनी जायचं, असा त्याचा अर्थ मी घेते. त्याच महाराष्ट्रात आपण अंगणावर ब्लॉक बसवतो आहोत.

मला नेमकं काय हवं आहे ते लिहिते. मुलांच्या मुलाखती बंद करा. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर पालकांसमोर चिठ्ठ्या काढा, त्यात कुणाचा अपमान नाही. रोज एक सलग तास मुक्त खेळाला द्या. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे नकोत, कारण भांडण व्हायला, मिटायला आणि त्यातून नवा खेळ निघायला तेवढा वेळ लागतो. वस्तू मुलांच्या संख्येपेक्षा थोड्या कमी ठेवा. हे आपल्याला विचित्र वाटेल, पण एकेकाला एकेक बादली दिली तर वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही. बाईंनी त्या वेळी जवळ बसावं, लागलं-खुपलं बघावं, कुणी कुणाला मारत असेल किंवा एकाच मुलाला सगळी रोज बाहेर ठेवत असतील तर मध्ये पडावं. एरवी थांबावं. थांबणं फार कठीण असतं, त्याचं प्रशिक्षण द्या. चाळीस मुलांमागे एक बाई असेल तर यातलं काही होणार नाही, ते आधीच सांगते.

आणि एक कळकळीची विनंती. हे आठ प्रश्न वाचून प्रगतीपुस्तकात 'सामाजिक क्षमता' असा रकाना छापू नका. मला ही भीती सगळ्यांत जास्त वाटते. संशोधनात बाईंनी दिलेले गुण कुणाच्या घरी गेले नव्हते, त्यावरून कुणाला बक्षीस किंवा बोलणी मिळाली नव्हती, म्हणून ते खरे होते. आपण तो रकाना छापला की जुलैपर्यंत पालक घरी "वाटून खा, बाई बघतायत" असं शिकवायला लागतील, आणि सप्टेंबरपर्यंत त्याचा क्लास निघेल. लाजाळू मुलाला त्यात दोन गुण मिळतील आणि ते त्याला आयुष्यभर चिकटतील. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती जूनपासून नोव्हेंबरपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. ती हौदाच्या काठावर बसून बघायची. सहामाहीला तिला गुण द्यायचे असते तर मी काय दिले असते? डिसेंबरात एकदा एका मुलाचा बुरूज दोनदा ढासळला. ती उठली, नळावरून ओंजळीत पाणी आणलं आणि त्याच्या वाळूवर ओतलं. कोरडी वाळू उभी राहत नाही, हे तिने सहा महिने बघून ठेवलं होतं. बाईंना द्यायचीच असेल तर एक साधी वही द्या, जिच्यात अशा गोष्टी तारीख घालून लिहिता येतील, आणि पालक आले की त्यांच्याशेजारी बसून वाचून दाखवता येतील.

प्रवेशाचे फॉर्म जानेवारीत छापायला जातात आणि नवीन वर्षाचं वेळापत्रक मार्चमध्ये ठरतं. त्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने एका सकाळी आपल्या बालवर्गात जाऊन एक तास बसावं. आधी कळवू नका, नाहीतर मुलांना रांगेत बसवून स्वागतगीत म्हणायला लावतात. खुर्ची घेऊ नका, सतरंजीवर बसा. आमच्याकडे यायचं असेल तर जरूर या. हौद बुजला आहे, पण नळाजवळच्या कोपऱ्यात दोन ब्लॉक हलतात. मुलांनी ते उचकटून खालची वाळू शोधून काढली आहे. लाल बादली मावशींनी फेकू दिली नाही. साडेदहाला चार-पाच जण तिथे असतात.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका